बँकेचं वर्ष बारा महिन्यांचं, कॉटचं दहा

२००९ साली खाडगाव रोडला आमचं घर झालं, तेव्हा स्लॅबच्या वर कॉलमच्या सळया हातभर मोकळ्या सोडल्या होत्या. पुढंमागं वर चढवता यावं म्हणून. लातुरात निम्म्या घरांच्या डोक्यावर अशा सळया दिसतात. आमच्या सळयांना बारा वर्षं दोऱ्या बांधून कपडे वाळवले, उन्हाळ्यात कुरडया-पापड्यांच्या साड्या ताणल्या. गंज चढून त्या विटकरी रंगाच्या झाल्या.

सासरे औसा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात त्यांचं माळवदाचं घर बसलं. तेव्हापासून दगडमातीच्या भिंतीवर आणि डोक्यावरच्या ओझ्यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. २००९ ला ते रोज खड्ड्यापाशी खुर्ची टाकून बसायचे आणि गुत्तेदाराला पाया दोन मजले वर धरूनच घ्यायला लावायचे. तो वैतागायचा. आम्हीही वैतागायचो, कारण पैसे आमचे जात होते. पण २०२१ ला इंजिनिअरनं जुनी ड्रॉइंग बघून "पाया झेपवतोय" म्हटलं, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की म्हातारबुवांनी आपले चार-पाच लाख वाचवले.

मी एका अनुदानित शाळेत शिक्षिका आहे. यांचं शेती अवजारांच्या सुट्या भागांचं छोटं दुकान आहे. गुंतवणूकदार वगैरे शब्द आमच्या घरात कुणाला लागू पडत नाही. पण शिकवण्यांचे क्लास जिथं आहेत त्या ट्यूशन एरियापासून आमची गल्ली चालत वीस मिनिटांवर. दर जूनमध्ये कुणीतरी बाप, खांद्यावर गादीची वळकटी आणि मागं पोरगी, असा दारात उभा राहतो : "मॅडम, रूम आहे का?" कोविडात हे थांबलं होतं. २०२१ च्या उन्हाळ्यात हे लोक परत येणार हे दिसत होतं, ठेवीवर व्याज साडेपाच टक्क्यांच्या आत आलं होतं आणि घरकर्ज सात टक्क्यांना मिळत होतं. एवढाच आमचा बाजाराचा अभ्यास.

वर दोन मजले चढवून मुलींना खोल्या भाड्यानं द्यायचं ठरलं. कर्जासाठी बँकेत गेलो तर पहिला धक्का असा की होणारं भाडं ते धरतच नाहीत. "मॅडम, तुमची पगाराची स्लिप आणि सरांचे तीन वर्षांचे रिटर्न, बस्स." पगाराच्या स्लिपवर शिक्षक पतसंस्थेची कपात दर महिन्याला दिसत होती आणि तेवढीच आमची कर्जाची पात्रता खाली येत होती. बाकी एक लाख साठ हजार होते. पाटल्या गहाण टाकून आधी ती पतसंस्था मिटवली. सोनं गहाण टाकताना मला काही वाटलं नाही, पण काउंटरवरच्या मुलीनं पाटल्या वजनकाट्यावर ठेवून "आतली लाख धरून किती?" असं शेजारच्याला विचारलं, तेव्हा तोंड फिरवून घेतलं.

दुसरा धक्का यांच्या सिबिलचा, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीचा. भावकीतल्या एकाच्या ट्रॅक्टरला हे जामीनदार होते. सही केल्याचं यांनाही आठवत नव्हतं. त्यानं दोन हप्ते थकवले आणि ते यांच्या नावासमोर दिसत होते. त्याला गाठून हप्ते भरायला लावणं, ट्रॅक्टरला कर्ज देणाऱ्यांकडून पत्र घेणं, ते नोंदीत चढायची वाट बघणं, यात दोन महिने गेले. जामीन राहणं म्हणजे नुसती ओळख सांगणं, असं आपल्याकडे समजतात. नोंदीत मात्र ते कर्जच असतं.

कागदांचं फार सांगत नाही. एनए (बिगरशेती) आदेश, मंजूर लेआउट, खरेदीखत, घरपट्टीची पावती, वकिलाचा सर्च रिपोर्ट, महापालिकेची वाढीव बांधकामाची परवानगी. आमचा प्लॉट एनए होता म्हणून सुटलो. शेजारच्या गल्लीत एकानं गुंठेवारीतला, मंजूर लेआउट नसलेला प्लॉट नुसत्या बाँडवर, खरेदीखत न करता घेतला होता, त्याला बँकेच्या वकिलानं पाचव्या मिनिटाला परत पाठवलं.

वीस लाख मंजूर झाले. सात टक्के, पंधरा वर्षं, हप्ता १७,९७७. दोन मजले मिळून अठराशे फूट, फुटाला साडेपंधराशेप्रमाणे अठ्ठावीस लाखांच्या आत अंदाजपत्रक होतं. शेवटी एकतीस लागले. वरचे अकरा कुठून आले तर माझ्या भविष्य निर्वाह निधीतून काढलेली, परत न भरायची रक्कम, यांच्या दुकानातले दोन आणि भिशी.

भिशीची गोष्ट सांगायलाच हवी. बँक पैसे टप्प्यानं देते. आधी काम, मग त्यांचा इंजिनिअर येणार, मोबाइलवर फोटो काढणार, मग हप्ता. गुत्तेदार म्हणणार, "स्लॅबचं मटेरियल पडल्याशिवाय स्लॅब कसा पडंल?" म्हणजे स्लॅब पडला की पैसे, आणि पैसे आले की स्लॅब. मधल्या साडेतीन लाखांचं काय करायचं ते कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. आमच्या शाळेतल्या बायकांची वीस जणींची भिशी आहे. त्या महिन्याची चिठ्ठी दुसरीच्या नावानं निघाली होती. तिच्या मुलाचा साखरपुडा तोंडावर होता, तरी तिनं मला उचलू दिली. तो पहिला स्लॅब तिच्या नावाचा आहे असं मी अजून म्हणते.

जुन्या सळया पोरांनी तारेच्या ब्रशनं घासून काढल्या, वर गंजरोधक लावलं, नवीन सळया जोडल्या. प्रत्येक मजल्यावर चार खोल्या, दोन संडास, दोन न्हाणीघरं. खोलीत दोन कॉट. म्हणजे सोळा मुली, मुलीला २,२००, महिन्याला ३५,२००. वहीच्या मागच्या पानावर मी हा गुणाकार किती वेळा केला असेल! वर्षाला चार लाख बावीस हजार. हप्ता जाऊन दोन लाख उरतात. आहे काय नि नाही काय.

पूर्ण हप्ता जानेवारी २०२२ पासून सुरू झाला. खोल्या तयार, रंगाचा वास, आणि राहायला कुणी नाही. कारण जानेवारीत लातुरात कुणी खोली शोधत नाही. नीटची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशाची परीक्षा त्या वर्षी १७ जुलैला झाली, सगळंच मागं सरकलेलं. पहिल्या मुली ऑगस्टमध्ये आल्या. वरचा मजला चढायचा म्हणून तिथं चारच, खालच्यावर सात. अकरा मुली, दहा महिने, २ लाख ४२ हजार. मे २०२३ मध्ये ७ तारखेला नीट झाली आणि १० तारखेला मजल्यावर नुसते खिळे आणि भिंतीला चिकटवलेली मूलद्रव्यांची कोष्टकं उरली.

त्या जून ते मे वर्षातले बारा हप्ते झाले २ लाख १५ हजार सातशे. उरले सव्वीस हजार. झाडलोटीच्या मावशींचेच वर्षाचे तीस हजार. वायफाय, दोनदा जळालेली मोटार, फुटलेलं कमोड, वाढीव घरपट्टी हे सगळं पगारातून. बँकेचं वर्ष बारा महिन्यांचं असतं आणि कॉटचं दहा महिन्यांचं, हे शाळेत सुट्ट्यांचं वेळापत्रक लावणाऱ्या बाईला आधी सुचू नये याची मला अजून लाज वाटते.

त्यात २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये बँकेचं स्टेटमेंट काढलं होतं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो दर, चारवरून साडेसहा टक्क्यांवर नेला होता. बातम्यांत ऐकत होते, पण आपला हप्ता तर तेवढाच कापला जातोय, मग आपल्याला काय, अशी माझी समजूत. मुदतीच्या रकान्यात बघितलं तर तेरा वर्षं दहा महिने उरायला हवे होते, तिथं एकोणीस वर्षं आणि वर काही महिने. हप्ता तसाच ठेवून वर्षं वाढवली होती. कर्ज फिटेल तेव्हा मी एकोणसत्तर वर्षांची होणार. रेपोबरोबर आमचा दरही साडेनऊ टक्क्यांवर गेला होता, त्यानं महिन्याचं व्याजच पंधरा हजारांच्या वर होतं. अठरा हजारांच्या हप्त्यातलं मुद्दलात पडत होतं तीन हजारांच्या आत.

दुसऱ्या दिवशी अर्ज दिला की मुदत पूर्वीचीच ठेवा, हप्ता वाढवा. २०,८०० झाला. घरात यावर भांडण झालं, कारण भाडं पुरत नसताना मी हप्ता वाढवून आले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेनंच सगळ्या बँकांना सांगितलं की दर बदलला की हप्ता वाढवायचा का मुदत, हे कर्जदाराला विचारा. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं.

आता पाणी. लातूरकराला पाण्याचं सांगू नये म्हणतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं शहर आहे हे. तरीही सोळा मुलींसाठी बांधताना मी टाकीचा विचार चार माणसांच्या घरासारखाच केला होता. नळाला आठवड्यानं पाणी येतं, तेही कधी पहाटे साडेतीनला. मोटार लावून जिन्यात बसायचं, हौद भरला की वरची टाकी, वरची भरली की बादल्या. २०२३ चा पावसाळा कोरडा गेला आणि पुढच्या फेब्रुवारीत बोअरनं दम सोडला. माणशी दिवसाला शंभर लिटर धरले तरी पाच हजार लिटरचा टँकर भरल्या घराला जेमतेम तीन दिवस जातो.

एका रात्री अकरावीची एक मुलगी खाली आली. डोक्याला शाम्पूचा फेस, अंगावर टॉवेल, डोळे चुरचुरत होते. "काकू, मध्येच गेलं पाणी." मी आमच्या पिण्याच्या माठातलं पाणी तांब्या-तांब्यानं तिच्या डोक्यावर ओतलं, मोरीत बसवून. ती एकदम म्हणाली, "आमच्या गावात बरंय काकू, हापसा तरी हाय." अशा वेळी काय भाडं मागणार? दुसऱ्या दिवशी पाच हजार लिटरची आणखी एक टाकी सांगितली.

२०२३ च्या जूनमध्ये वरचा मजला मुलींसाठी ठेवायचा नाही असं ठरवलं. चार खोल्यांची दोन बिऱ्हाडं केली, दोन्हीकडे ओटा घातला, महावितरणकडून वेगळी मीटरं घेतली. मीटरचं आधीच करायला हवं होतं. एकाच मीटरवर सगळं घर असलं की युनिटं तीनशेच्या पुढं जाऊन चढ्या दरात पडतात आणि मुली म्हणतात, "काकू, सब-मीटरवर एवढेच आकडे, मग बिल एवढं कसं?" त्यांचंही खरं, माझंही खरं. बिऱ्हाडाला साडेसहा हजार. कागदावर आठ मुलींच्या दहा महिन्यांपेक्षा वर्षाला वीस हजारांनी कमी, पण बारा महिने.

बिऱ्हाडं म्हटल्यावर करारनामा आला. आमच्या शाळेत प्रत्येकाचं ठाम मत होतं की अकरा महिन्यांचा करार बाँडवर लिहिला की नोंदणी लागत नाही. महाराष्ट्रात हे खोटं आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरतं राहायला देण्याचा करार) कितीही महिन्यांचं असो, लेखी आणि नोंदणीकृतच हवं, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नाहीतर पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय भांडण झालंच तर भाडेकरू सांगेल त्या अटी आधी खऱ्या धरल्या जातात. खर्च म्हणाल तर मुद्रांक एकूण भाड्याच्या पाव टक्का (डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून तेही त्यात), म्हणजे आमच्यासारख्याला दोनशेच्या आसपास, आणि शहरात नोंदणी फी एक हजार. एजंट घरी येऊन अंगठे घेऊन गेला, त्याचे वेगळे. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिली.

हजार रुपये वाचवले नाहीत हे बरं केलं. दुसऱ्या बिऱ्हाडातल्या गृहस्थांनी चार महिन्यांचं भाडं थकवलं. बोलायला अतिशय गोड माणूस, रोज "ताई, उद्या" म्हणायचा. माझ्याकडे वीस हजार डिपॉझिट होतं, थकले होते सव्वीस. कराराची मुदत संपली तरी हलेना. वकिलांनी नोटिशीत कराराचा नोंदणी क्रमांक घातला आणि लिहिलं की मुदतीनंतर राहिलात तर कायद्यानं दुप्पट दरानं भरपाई द्यावी लागेल. आठव्या दिवशी टेम्पो आला. सहा हजार बुडाले आणि गॅसची शेगडी राहिली. शेगडी मावशींना दिली.

मुलींचं निराळंच आहे. त्या सोळा-सतरा वर्षांच्या, अज्ञान. त्यांची सही कायद्यानं चालत नाही. म्हणून कागद वडिलांच्या किंवा आईच्या नावानं करायचा. बाप नांदेड-परभणीकडचा, नाहीतर धारूर-केजकडचा. आधारकार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून आणलेलं. सही करताना तो अटी वाचत नाही, खिडकीला गज आहेत का ते बघतो.

आणि भाडं? बँक पाच तारखेला पैसे कापते. बापाची पाच तारीख सोयाबीनवर असते. जून-जुलैत पेरणीला पैसे गेलेले, सप्टेंबरात फोन केला की, "मॅडम, जरा थांबा की. काढणीला आलंय, निघालं की टाकतो बघा." दसऱ्या-दिवाळीच्या मध्ये तीन-तीन महिन्यांचं एकदम फोनपेवर येतं. २०२४ ला तर सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ आणि बाजारात चार हजारांच्या आसपास. सोयाबीन घरात ठेवून बसलेले लोक भाडं कुठून देणार? त्या वर्षी मी मोंढ्यातले भाव रोज सकाळी बघायचे. शेती आमच्यात सासऱ्यांनंतर कुणी केली नाही, पण सोयाबीन पडलं की माझा हप्ता अडतो. आता जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांच्या हप्त्यांचे पैसे वेगळ्या खात्यात आधीच ठेवलेले असतात. सुनेनं त्या खात्याचं नाव मोबाइलमध्ये "सोयाबीन" असं टाकून दिलंय.

त्याच वर्षी आणखी एक झालं. नीटचा निकाल ४ जूनला लागला, मग सगळा गोंधळ, सुधारित निकाल जुलैच्या अखेरीस. रिपीट करायचं की नाही हे पोरींना ठरवता येईना. दोघींनी कॉट धरून ठेवा म्हटलं, मी धरून ठेवली, ऑगस्टमध्ये एकीनं नर्सिंगला प्रवेश घेतला. तिच्यावर रागवावं असं काही नव्हतं, पण कॉट दिवाळीपर्यंत रिकामी.

सीएकडे गेल्यावर मला वाटलं होतं, व्याज एवढं जातंय तर पगारावरचा कर तरी वाचेल. त्यांनी सांगितलं की भाड्यातून घरपट्टी वजा, उरलेल्यातून सरसकट तीस टक्के वजा, मग व्याज. तोटा आलाच तर जुन्या पद्धतीत दोन लाखांपर्यंत पगारातून वजा करता येतो, नव्या पद्धतीत नाही. आम्ही नवी पद्धत घेतलेली. भाडं रोख घेतलं तर दाखवू नका असा सल्ला देणारे खूप भेटले. मला नोकरीची अजून काही वर्षं काढायची आहेत, मी दाखवते.

२०२५ च्या फेब्रुवारी ते जून या काळात रेपो एक टक्क्यानं उतरला. मी हप्ता कमी करून घेतला नाही, मुदत आपोआप खाली सरकतेय. बदलत्या दराच्या घरकर्जात आधी पैसे भरले तर दंड नसतो, म्हणून भिशी लागली की ती थेट मुद्दलात. हातात काय उरतं असं कुणी विचारलं तर भरल्या वर्षी साठ-सत्तर हजार. अकरा लाख ठेवीत ठेवले असते तरी तेवढंच व्याज आलं असतं, हे यांनी मला एकदा कॅल्क्युलेटरवर दाखवलं. मग आम्ही दोघंही मुद्दल किती फिटलं त्या पानाकडं बघत बसलो.

यंदा मुलींचं भाडं नव्यानं बांधलं. बारा महिन्यांचे सव्वीस हजार चारशे, दहा हप्त्यांत. म्हणजे महिन्याला २,६४०. वर बोर्डावर तसंच लिहिलं, बनवाबनवी नको. केजकडचे एक वडील बोर्डापुढं बराच वेळ उभे होते. ओठ हलत होते, गणित चालू होतं.

"मॅडम, म्हंजी उन्हाळ्याचं भाडं बी आमीच देतोय की."

"हो दादा."

ते हसले. "मग पोरीची गादी आन् पेटी उन्हाळ्यात हितंच ऱ्हाऊ द्या. येष्टीत वळकटी चढवताना कंबर जातीय."

मला नाही म्हणता आलं नाही. बाकीच्यांना कळल्यावर त्यांनीही तेच मागितलं. यंदाच्या मे महिन्यात पहिला मजला रिकामा आहे, पण चारही खोल्यांत गाद्यांच्या वळकट्या उभ्या आहेत. प्रत्येकीला सुतळीनं चिठ्ठी बांधलेली : नाव, गाव, आणि "काकू, उंदीर बघा."